माळकरी मेव्हण्याबरोबर रिओहा

बायकोनं सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, "मॅच नसलेलं स्टेडियम बघायला मी सात समुद्र ओलांडून येणार नाही. माझ्या भावाला न्या." तिचा भाऊ म्हणजे माझा मेव्हणा, तासगावकडचा द्राक्षबागायतदार. चार एकर बाग, त्यातल्या निम्म्या मालाचा बेदाणा. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी आषाढीला पायी पंढरपूर. आणि मी कोल्हापूरचा, म्हणजे फुटबॉलचं वेड रक्तातच. बेत होता स्पेनमधल्या बिल्बाओचं सान मामेस स्टेडियम बघायचं, मग शेजारच्या रिओहा भागात जाऊन वाइन चाखायची. मेव्हण्यानं अट घातली, "दाजी, मी दारू बघायला येत नाही, बाग बघायला येतो." मला चाललं. उलट माझ्या वाटणीचे ग्लास वाढले, असा मी हिशोब केला होता.

तारखा त्याच्या सोयीनं ठरल्या. गणपती विसर्जन झालं की ऑक्टोबर छाटणीपर्यंत बागेला विश्रांती आणि त्यालाही. म्हणून सप्टेंबर. तिकिटं काढल्यावर लक्षात आलं की त्याच आठवड्यात देशादेशांचे सामने आहेत आणि क्लबांना सुट्टी. म्हणजे खरोखरच मॅच नसलेलं स्टेडियम. बायकोला अजून हे नीट सांगितलेलं नाही.

पहिला दिवस : बिल्बाओ

बिल्बाओच्या विमानतळावरून शहरात येणारी बस बोगद्यातून बाहेर पडते आणि नदीवरच्या पुलावर चढते, तेवढ्यात डोळ्यासमोर गुगेनहाइम म्युझियमचे ते चकचकीत पत्रे येतात. फ्रँक गेरी या वास्तुविशारदाची ही इमारत 1997 साली उघडली आणि पोलादाचे कारखाने व जहाजबांधणी बुडाल्यावर मरगळलेल्या शहराला पर्यटक मिळाले. मेव्हणा म्हणाला, "पत्र्याचं शेड वादळात सापडल्यागत दिसतंय." मी हसलो, पण नंतर दोन दिवस मला ती इमारत तशीच दिसत राहिली.

बस शेवटी थेट जमिनीखालच्या बसस्थानकात शिरते. सरकत्या जिन्यानं वर आलो आणि स्टेडियम समोरच, रस्ता संपतो तिथे. गावाबाहेर माळावर नाही, शहराच्या पोटात, लोकांच्या गॅलरीसमोर. आमचं शाहू स्टेडियम जसं वस्तीच्या मधोमध आहे, तसंच. मी बॅग खाली ठेवून पाच मिनिटं नुसता बघत राहिलो. मेव्हण्यानं तेवढ्यात हॉटेलचा रस्ता शोधला.

संध्याकाळी स्टेडियमकडे जाणाऱ्या पोसा गल्लीत गेलो. दोन्ही बाजूंना बार, काउंटरवर पिंचोच्या थाळ्या. पिंचो म्हणजे पावाच्या तुकड्यावर काहीतरी ठेवून वर काडी टोचलेली. त्या 'काहीतरी'मध्ये नव्वद टक्के मासे, डुकराचं मांस किंवा अंडं. माळकऱ्याचे हाल. शेवटी तळलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या मिळाल्या, गेर्निका गावच्या, तिखट अजिबात नाहीत. त्या, ऑलिव्ह आणि पाव यांवर त्याचं पहिलं जेवण झालं. आणि मग त्याला त्याचं पेय सापडलं: मोस्तो. द्राक्षाचा न आंबवलेला रस, इथे कुठल्याही बारमध्ये बर्फ आणि संत्र्याची फोड घालून मिळतो. पुढचे चार दिवस तो प्रत्येक काउंटरवर छाती पुढे काढून "मोस्तो!" म्हणत होता. स्पॅनिशमधला त्याचा तेवढाच शब्द, पण उच्चार माझ्यापेक्षा बरा.

मी चाकोली मागितली. ही बिल्बाओ ज्यात येतं त्या बास्क प्रांताची स्वतःची आंबटसर, किंचित फसफसणारी पांढरी वाइन, बाटली उंच धरून ओततात. शेजारी सत्तरीतले पाच-सहा म्हातारे उभे होते. प्रत्येकाच्या हातात घोटभर लाल वाइन. तो घोट संपला की सगळे मिळून पुढच्या बारमध्ये. या घोटाला चिकितो म्हणतात आणि रोज संध्याकाळी त्याच मित्रांबरोबर असं बारबार फिरणं हा इथला जुना परिपाठ. मेव्हणा बराच वेळ त्यांच्याकडे बघत होता. म्हणाला, "झिंगलेला एक बी दिसत नाही. नुसतं फिरत्यात आणि बोलत्यात."

दुसरा दिवस : सान मामेस

तिकिटं आधीच काढली होती. आधी म्युझियम, मग आतला फेरफटका.

ज्यांना हा क्लब माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अ‍ॅथलेटिक क्लब, स्थापना 1898. फुटबॉल इथे आणला तो खाणी आणि गोद्यांवर आलेल्या इंग्रजांनी आणि इंग्लंडात शिकून परतलेल्या इथल्या पोरांनी. म्हणून नाव इंग्रजी. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत 1941 साली त्याचं सक्तीनं स्पॅनिश रूप केलं गेलं, ते 1972 मध्ये पुन्हा मूळचं झालं. स्पेनच्या पहिल्या विभागातून कधीच खाली न घसरलेले क्लब तीनच: रेआल माद्रिद, बार्सेलोना आणि हा. पहिल्या दोघांकडे जगभरातले खेळाडू विकत घ्यायला पैसा आहे. हा क्लब मात्र शंभरहून अधिक वर्षं फक्त बास्क भूमीतले खेळाडू खेळवतो: इथे जन्मलेले किंवा इथल्या मैदानांवर घडलेले. शेजारच्या सान सेबास्तियानच्या रेआल सोसिएदादनंही कधीकाळी हेच केलं, पण 1989 साली आयर्लंडचा जॉन अल्ड्रिज आणून त्यांनी ते सोडलं.

मी हे मेव्हण्याला समजावत होतो तेव्हा त्याचा चेहरा काहीच आश्चर्य नसल्यासारखा. "मग? पेठेचा संघ पेठेतल्याच पोरांचा की." त्याचं बरोबर होतं. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, सगळे तालमीतून निघालेले संघ आणि तालमीच्या आसपासची पोरं. आता आमच्याकडेही बाहेरचे, परदेशीसुद्धा खेळाडू येतात आणि गर्दी त्यांनाही डोक्यावर घेते. म्हणून तर मला इथे यायचं होतं. आमच्याकडून जे सुटलं ते यांनी, तेही युरोपच्या सर्वांत महागड्या लीगांपैकी एकीत, धरून कसं ठेवलं?

म्युझियममध्ये मी दीड तास घालवला. तेल्मो सारा याचे लीगमधले 251 गोल, जो विक्रम 2014 मध्ये मेस्सीनं मोडेपर्यंत साठ वर्षं टिकला. गोलकीपर इरिबार, काळ्या पोशाखातला. 5 डिसेंबर 1976 रोजी सान सेबास्तियानमध्ये दोन्ही संघांच्या कप्तानांनी, इरिबार आणि कोर्ताबारियानं, बास्क झेंडा हातात धरून मैदानात पाऊल टाकलं. फ्रँको मरून वर्ष झालं होतं, पण झेंड्यावरची बंदी उठलेली नव्हती. त्या फोटोसमोर एक आजी नातवाला काहीतरी सांगत होत्या. भाषा समजत नव्हती, पण बोट त्या झेंड्यावर होतं.

महिला संघालाही इथे बऱ्यापैकी जागा आहे. 30 जानेवारी 2019 रोजी त्यांचा सामना बघायला या स्टेडियममध्ये 48,121 लोक आले होते.

आत शिरताना पिचिची भेटतो. राफाएल मोरेनो, टोपणनाव पिचिची, चण लहान, डोक्याला पांढरा रुमाल. 21 ऑगस्ट 1913 रोजी जुन्या सान मामेसवरच्या पहिल्या सामन्यातला पहिला गोल त्याचा. 1922 मध्ये, तिशीही ओलांडली नव्हती, तापानं गेला. स्पेनच्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारं बक्षीस त्याच्याच नावाचं. त्याचा अर्धपुतळा आत आहे आणि पहिल्यांदा इथे खेळायला येणाऱ्या संघाचा कप्तान त्याच्यापुढे फुलं ठेवतो, अशी रीत. मेव्हण्यानं हात जोडले. मी म्हटलं, "पाव्हणं, तो देव नव्हे." तर म्हणाला, "मैदानाचा वेताळ असंल." तालमीत हनुमानाला नमस्कार केल्याशिवाय आखाड्यात न उतरणाऱ्या गावचा मी, काय बोलणार.

स्टेडियमला 'ला कातेद्राल' म्हणतात. नाव मात्र संत मामेसचं, शेजारी त्याचं देऊळ होतं म्हणून. रोमनांनी या पोराला सिंहांपुढे टाकलं आणि सिंहांनी त्याला खाल्लं नाही, अशी कथा. त्यावरून खेळाडूंना 'सिंह' म्हणतात. "प्रल्हादागत," मेव्हणा.

आताचं स्टेडियम 2013 मधलं, सुमारे 53 हजार आसनांचं. जुनं आणि नवं एकमेकांच्या हद्दीत येत होतं, म्हणून आधी तीन बाजू बांधल्या, जुनं पाडलं आणि मग चौथी बाजू पूर्ण केली. त्या वर्षी संघ एका बाजूनं उघड्या मैदानात खेळला. घर बांधताना जुन्या घरात राहून एकेक खोली पाडत जावी, तसं. जुन्या स्टँडवरची पांढरी कमान लेसामा गावातल्या त्यांच्या सराव केंद्रात नेऊन उभी केली आहे. या सगळ्या धोरणाचा कारखाना म्हणजे ते लेसामा, 1971 पासूनचं. ते बघायचं माझं राहिलं आणि त्याची हळहळ अजून आहे.

ड्रेसिंग रूम, पत्रकारांची खोली, हे सगळं ठीक. कुठल्याही मोठ्या स्टेडियमात असतंच. बोगद्यातून मैदानाच्या कडेला आलो तेव्हा मात्र बोलणं थांबलं. हिरवळीवर पाय ठेवायला मनाई. रिकाम्या लाल खुर्च्यांच्या चार उतरंडी आणि मधोमध तो हिरवा चौकोन. गाइड मुलगी मिनिटभर गप्प बसली, कदाचित रोजच बसत असेल. मग मेव्हण्यानं माझ्यामार्फत तिला विचारलं की पाण्याचा निचरा कसा करता आणि छपराच्या सावलीत गवताला ऊन कुठून मिळतं. दोनशे वेळा 'विल्यम्सचा लॉकर कुठला' ऐकलेली ती मुलगी एकदम खुलली.

विल्यम्सचं सांगायलाच हवं. इन्याकी आणि निको, सख्खे भाऊ, आईवडील घानाचे, सहारा वाळवंट पायी तुडवून स्पेनमध्ये आलेले. थोरला बिल्बाओत जन्मला, धाकटा पाम्प्लोनात. दोघेही नियमात चोख बसतात. थोरला घानाकडून खेळतो, धाकटा स्पेनकडून, आणि क्लबात दोघेही एका पट्ट्यात. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं सांगायचं तर तोही इंग्लंडहून आणलेला, 1910 च्या सुमाराचा, साउदम्प्टनचा.

दुपारी नदीकाठानं चालत सागरी म्युझियमपाशी गेलो, गाबारा बघायला. गाबारा म्हणजे सपाट तळाची ओढबोट. 1983 आणि 1984 मध्ये लीग जिंकल्यावर संघाला या बोटीवर उभं करून नदीतून मिरवलं होतं. मग चाळीस वर्षं बोट वाट बघत राहिली. 6 एप्रिल 2024 ला सेव्हियात मायोर्का संघाला पेनल्टीवर हरवून कोपा देल रेय, म्हणजे स्पेनचा राष्ट्रीय चषक, जिंकला, शेवटची पेनल्टी बेरेंगेरची, आणि पाच दिवसांनी गाबारा पुन्हा पाण्यात. दोन्ही काठांवर लाखो लोक. कार्यालयं, शाळा सगळं ओस. मी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ लावला. मेव्हण्याच्या डोळ्यासमोर आठवड्यापूर्वीचीच मिरवणूक होती. "गुलाल नाही तेवढं," म्हणाला. मग थोड्या वेळानं, "चाळीस वर्षं बाहेरचा एक बी घेतला नाही?" नाही, म्हटलं. "आणि लोक काय बोलले नाहीत?" बोलले असतील की. पण धोरण बदलून कप मागणारे फार थोडे, असं गाइड मुलगी म्हणाली होती. तो गप्प झाला. व्यापाऱ्यानं भाव पाडल्यावर होतो तसा गप्प.

तिसरा दिवस : आरो

स्टेशनवर मी तिकीट मागितलं, "हारो." बाई तीनदा "कुठे?" म्हणाल्या. स्पॅनिशमध्ये 'ह' मुकाच असतो. गावाचं नाव आरो. बस सोयीची होती, दिवसभर सुटते. पण मला रेल्वेनंच जायचं होतं, कारण या गावाची सगळी कहाणी रेल्वेची आहे. आबान्दो स्टेशनच्या भिंतीवरचं रंगीत काचांचं भलंमोठं चित्र बघून निघालो. ओर्दुन्याच्या दरीत गाडी मोठ्ठा वळसा घेत चढते, आपल्या खंडाळ्याची आठवण यावी असा घाट. 1863 साली ही लाइन बांधली चार्ल्स विन्योल्स नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरनं. घाट ओलांडला आणि हवा बदलली. बिल्बाओकडचा ओला हिरवा रंग मागे पडून पिवळसर कोरडी जमीन लागली, आणि मग द्राक्षं.

मेव्हणा खिडकीला चिकटला. "दाजी, ह्या बागा हायेत? मंडप कुठाय?" मंडप नव्हताच. बऱ्याच ठिकाणी तारासुद्धा नाहीत. कमरेएवढी एकेकटी झुडपं, बुंधा मांडीसारखा जाड, फांद्या वर पसरलेल्या. यांना 'वासो' पद्धत म्हणतात, म्हणजे पेल्याच्या आकाराची.

आता ती कहाणी. 1860 नंतर फ्रान्समधल्या द्राक्षवेली फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं वाळायला लागल्या. डोळ्याला जेमतेम दिसणारी ही कीड मुळांचा रस शोषते. ती युरोपात आली अमेरिकेहून आणलेल्या वेलींच्या मुळांवर बसून. बोर्दोचे व्यापारी वाइन शोधत डोंगर उतरून इकडे आले आणि त्यांना आरोचं स्टेशन सापडलं. माल गाडीत भरायचा, बिल्बाओ बंदराला न्यायचा, तिथून जहाज. म्हणून मोठमोठ्या बोदेगा, म्हणजे वाइनचे कारखाने, गावात नाहीत, रुळांना लागून आहेत. लोपेस दे एरेदिया 1877, कूने 1879, ला रिओहा आल्ता 1890, बोदेगास बिल्बाइनास 1901. या शेवटच्या नावातच बिल्बाओ आहे. पैसा इतका आला की 1890 मध्ये आरोत रस्त्यावर विजेचे दिवे लागले, स्पेनमधल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक. रात्री प्रवास करणारे म्हणत, 'आलो आरोत, दिवे दिसायला लागले.' आणि 1899 मध्ये तीच कीड रिओहात पोचली.

पहिला फेरफटका लोपेस दे एरेदियामध्ये. दारात वास्तुविशारद झाहा हदीद यांनी केलेला वाइनच्या सुरईसारखा चमकता मंडप, आणि आत गेलं की थेट एकोणिसावं शतक. तळघरात बुरशीचे काळे पडदे, कोळ्यांची जाळी लोंबतायत. ती मुद्दाम ठेवतात. बुचांना लागणारे किडे कोळी खातात म्हणून. लाकडी पिंपं 225 लिटरची, म्हणजे तीनशे बाटल्या. रिओहाच्या लाल वाइनचे नियम असे: क्रियान्सा लेबल लावायला किमान दोन वर्षं जुनी आणि त्यातलं एक वर्ष ओकच्या पिंपात, रेसेर्वाला तीन वर्षं, ग्रान रेसेर्वाला पाच, त्यातली किमान दोन पिंपात. इथले लोक या किमानाकडे बघतही नाहीत. त्यांची तोंदोनिया रेसेर्वा सहा-सहा वर्षं पिंपात असते, पांढरीसुद्धा. तोंदोनियाचा मळा लावला 1913-14 मध्ये. पिचिचीनं पहिला गोल मारला ते साल. मी हे मोठ्यानं बोललो, कोणालाच त्यात काही विशेष वाटलं नाही.

चाखायची पांढरी आधी आली. रंग मधाचा. नाकाला अक्रोड, सुकी जर्दाळू, थोडं जुन्या कपाटासारखं. पहिला घोट आवडला नाही, दुसरा कोड्यासारखा वाटला, तिसऱ्यानंतर मी बाटलीची किंमत विचारली. लाल वाइनमध्ये मला खोबऱ्याचा वास येत होता. सुक्या खोबऱ्याचा, मसाल्यासाठी भाजतो तसा. वाटलं, कोल्हापुरी नाकाचा दोष. गाइडनं सांगितलं, बरोबर आहे, अमेरिकन ओकचा तोच वास. मेव्हण्यानं ग्लास नाकापाशी नेला, खरंच खोबरं आहे म्हणाला, आणि खाली ठेवला. त्याच्यासाठी द्राक्षाचा रस आला होता.

दुपारी दोन ते चार सगळं बंद. गाव चढून वर गेलो, बाकावर बसलो, पाव-चीज खाल्लं.

दुसरं बुकिंग मुगा नावाच्या बोदेगाचं, आणि तिथे माझी चूक उघडी पडली. मी गडबडीत स्पॅनिश भाषेतला फेरफटका घेतला होता. इंग्रजीचा त्या दिवशी भरलेला. मी हिरमुसलो, मेव्हणा मात्र निश्चिंत. "हातानं दाखवत्यात की सगळं." आणि खरंच, पुढचा तासभर तोच मला समजावत होता. मुगाचे स्वतःचे पिंप बनवणारे कारागीर आहेत. फळ्यांना विस्तवावर वाकवतात, पिंप आतून भाजतात. "जास्त भाजलं की वास जास्त," मेव्हणा. मग गाइडनं अंड्याचं चित्र दाखवलं. हे मात्र मला आधी माहीत होतं: वाइन नितळ करायला अंड्याचा पांढरा बलक घालतात. गाळ त्याला चिकटून तळाशी बसतो. मेव्हण्यानं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे दाजी, तुमची दारू शाकाहारी सुद्धा नाही." पूर्ण गटात एकटाच हसत होतो, आणि का ते कोणाला सांगता येत नव्हतं.

बाहेर भिंतीलगत दाखवायला लावलेल्या चार वेली होत्या. मेव्हणा खाली बसला, बुंध्यावरची माती सारून बोट ठेवलं. गाठ. कलमाची गाठ. त्या किडीला अमेरिकन जातींची मुळं दाद देत नाहीत, म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर तेम्प्रानियो, गार्नाचा, ग्रासियानो. मेव्हण्याच्या बागेतही डॉगरिजचा खुंट आहे, तोही अमेरिकन, पण आमच्याकडे तो खाऱ्या पाण्यासाठी आणि दुष्काळासाठी. "काल ते 'आमचीच पोरं, आमचीच माती' सांगत होते ना तुमचे," तो म्हणाला, "त्यांचा बी खुंट बाहेरचाच. इंग्रजांचा. कलम हितलं." मी म्हटलं, माणसं म्हणजे वेली नव्हेत. तो म्हणाला, मी कुठं म्हटलं.

रात्री ला एर्रादुरा भागातल्या गल्ल्यांत फिरलो. एक ग्लास, एक पिंचो, पुढचं दार. मशरूमचा पिंचो मिळाला, माळकऱ्याची दिवाळी.

चौथा दिवस : लाबास्तिदा, लागुआर्दिया, एल्सिएगो

टॅक्सी ठरवली. आरोपासून चार किलोमीटरवर पाट्यांवर अचानक दुसरी भाषा दिसायला लागते. लाबास्तिदा आलावा प्रांतात, म्हणजे बास्क. आरो ला रिओहा प्रांतात, म्हणजे बास्क नव्हे. माती तीच, द्राक्ष तेच, वाइनवरचं नाव तेच रिओहा. मग अ‍ॅथलेटिकचा नियम इथे कुठे थांबतो? मला आठवला अरान्सुबिया, क्लबाचा गोलकीपर, जन्म ला रिओहातल्या लोग्रोन्योचा. आणि फर्नांदो योरेन्ते, जन्म पाम्प्लोनाचा, वाढला ला रिओहातल्या रिंकोन दे सोतो गावात, अकराव्या वर्षी लेसामात. दोघे चालले. ड्रायव्हरला विचारलं, तर तो म्हणाला, चांगला खेळत असला की सीमा थोडी सरकते. स्वतः तो रेआल माद्रिदवाला निघाला, तेव्हा त्याचं मत किती धरायचं ते मी ठरवलं नाही.

लाबास्तिदाच्या बाहेर एक शेतकरी घडांसमोरची पानं काढत होता. मेव्हण्यानं गाडी थांबवायला लावली. पुढचा पाऊण तास माझी फक्त दुभाष्याची नोकरी, तीही मोबाइलवरच्या भाषांतराच्या जोरावर. घड काळे झाले होते, तोडणी दोन-तीन आठवड्यांवर. 'तेम्प्रानियो'चा अर्थ लवकर येणारा, मेव्हणा लगेच, "आगाप." छाटणी किती वेळा? एकदाच, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. आम्ही वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलमध्ये काडीसाठी आणि ऑक्टोबरमध्ये फळासाठी, असं सांगितल्यावर तो माणूस टोपी काढून उभा राहिला. आमची वेल झोपतच नाही, हे त्याला पटवायला वेळ लागला. मग उत्पन्न. नियमानं लाल द्राक्षाला हेक्टरी 6,500 किलो, त्यावर नाही. मेव्हण्यानं मनात भागाकार केला. "एकरी सव्वीसशे! एवढ्या मालाला आमच्याकडं बाग म्हणत नाहीत." आमच्या टेबल द्राक्षांचा एकरी दहा टन ऐकून तो शेतकरी हसला आणि एक मणी तोडून हातावर ठेवला. बारीक, जाड सालीचा, आत दोन बिया. मेव्हण्यानं चावून चावून खाल्ला, बिया हातावर घेऊन रंग बघितला. "साखर भरपूर. साल तुरट. हे खायचं द्राक्षच नव्हं." शेतकऱ्यानं निघताना एक फुटवा मोडून त्याला दिला. भेट म्हणून. त्यानं तो ओल्या रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला.

लागुआर्दिया टेकडीवरचं तटबंदीचं गाव. आत गाड्यांना बंदी, कारण गावाखाली सगळी जुनी तळघरं पोखरलेली आहेत. पाय ठेवाल तिथे खाली वाइन. एका तळघरात आदल्या वर्षीची तरुण वाइन प्यायलो. अख्खे घड न चिरडता आंबवलेली, जांभळी, ताज्या फळाची, लाकडाचा स्पर्श नाही. खरं सांगायचं तर आदल्या दिवशीच्या पोक्त वाइनींपेक्षा मला हीच जास्त आवडली. जाणकारांनी माफ करावं. उत्तरेला सिएर्रा कान्ताब्रिया या डोंगररांगेची उभी भिंत. समुद्राकडचा पाऊस ती अडवते, म्हणून पलीकडे बिल्बाओ भिजतं आणि अलीकडे द्राक्ष पिकतं. मेव्हणा म्हणाला, "सह्याद्री. आणि आपण आटपाडीकडं."

एल्सिएगोत मार्केस दे रिस्कालचं हॉटेल, 2006 सालचं, पुन्हा फ्रँक गेरीच. पुन्हा तेच वादळातलं शेड, या वेळी रंगीत: वाइनचा गुलाबी, बाटलीवरच्या जाळीचा सोनेरी, झाकणाचा चंदेरी. बाहेरूनच बघितलं. आतली किंमत वाचून आम्ही लोग्रोन्योची वाट धरली आणि संध्याकाळच्या बसनं बिल्बाओ.

पाचवा दिवस : परत

विमान दुपारचं. सकाळी क्लबाच्या दुकानात मेव्हण्यानं मुलासाठी लाल-पांढरा जर्सी घेतला. मी दोन बाटल्या बॅगेत कपड्यांत गुंडाळत होतो. दोन लिटरच्या आत बसतात ना, पुन्हा पुन्हा हिशोब करत. तेवढ्यात त्यानं पिशवीतून तो ओला रुमाल काढला. फुटवा अजून ताजा होता, शेंड्याची दोन पानं टवटवीत.

मी म्हटलं, पाव्हणं, विमानतळावर धरतील. झाडाचं काही नेता येत नाही.

"ठाव हाय," तो म्हणाला. "आणि ही लागायची बी नाही. काडी पिकलेली नाही अजून." काडी उजेडाकडे धरून त्यानं पानांची मागची बाजू नीट बघितली, पहिलं पान, मग दुसरं. "असंच कुणीतरी रुमालात गुंडाळून आणलं असंल बघा अमेरिकेतनं."

बाथरूममधला काचेचा ग्लास त्यानं पाण्यानं भरला, फुटवा त्यात उभा केला आणि ग्लास खिडकीत ठेवला. मग आम्ही खाली जाऊन किल्ली दिली.